अंकीय चित्रफितीच्या मुद्रणपद्धती : एक ऐतिहासिक विवेचन

एखाद्या साधनाचा इतिहास लिहिताना त्या साधनाने काय साध्य केले याचीच नोंद बहुधा केली जाते. ते साध्य करण्यासाठी कशाचा त्याग करावा लागला, ही बाजू सहसा अंधारात राहते. दूरचित्रवाणीच्या चित्रफितीच्या बाबतीत ही दुसरी बाजूच अधिक महत्त्वाची आहे. १९८६ नंतरच्या सुमारे तीन दशकांत जगातील असंख्य घटनांची दृश्ये अंकीय फितींवर नोंदली गेली. त्यांतील काय फितीवर उतरले आणि काय उतरलेच नाही, हे त्या त्या फितीच्या मुद्रणपद्धतीने ठरविले. म्हणून या फिती पुरावा म्हणून हाताळणाऱ्या अभ्यासकास मुद्रणपद्धतींचा इतिहास ज्ञात असणे अवश्य आहे.

चित्र फितीवर नोंदविण्यातील मूळ अडचण माहितीच्या राशीची होती. ध्वनीच्या मानाने चित्राचा संदेश कितीतरी पटींनी मोठा असतो. अमेरिकेतील अँपेक्स कंपनीने एप्रिल १९५६ मध्ये शिकागो येथे जे यंत्र दाखविले, त्यात दोन इंच रुंदीची फीत सेकंदास १५ इंच वेगाने सरकत असे आणि चार मुद्रणशीर्षे बसविलेले चाक मिनिटास १४,४०० फेरे घेऊन तिच्यावर आडव्या रेषा उमटवीत असे. फीत सावकाश आणि शीर्ष वेगवान, ही त्यामागील युक्ती होय. १९५९ साली जपानमध्ये तोशिबा कंपनीने तिरकस रेषांत मुद्रण करण्याची रीत दाखविली. पुढील बहुतेक सर्व यंत्रे याच रीतीवर उभारली गेली. तथापि ही सारी नोंद सदृश स्वरूपाची होती. प्रतीवरून प्रत काढली की चित्र प्रत्येक वेळी थोडे अधिक मलिन होत असे.

हा दोष घालविण्यासाठी अंकीय पद्धती आली. १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर एक प्रमाण ठरविण्यात आले. त्यानुसार चित्राच्या प्रकाशमानाचे सेकंदास १ कोटी ३५ लक्ष आणि दोन रंगभेदसंदेशांचे प्रत्येकी ६७ लक्ष ५० हजार नमुने घ्यावयाचे असत. प्रत्येक नमुन्यास आठ बिट धरल्यास ही रास सेकंदास २१ कोटी ६० लक्ष बिट होते. १९८६ साली सोनी कंपनीच्या पुढाकाराने आलेल्या डी-१ पद्धतीत ही संपूर्ण रास १९ मिलिमीटर रुंदीच्या फितीवर, कोणतेही संपीडन न करता नोंदली जाई. प्रत मूळ फितीच्या तोलाची निघू लागली, परंतु यंत्र अत्यंत महाग होते. १९८८ च्या डी-२ पद्धतीने रंग आणि प्रकाशमान एकत्र मिसळलेला संदेश नोंदवून काटकसर साधली. मात्र एकदा मिसळलेले हे घटक पुन्हा पूर्णपणे वेगळे करता येत नाहीत. १९९३ च्या डिजिटल बीटाकॅमने गणिती संपीडनाने चित्राची रास सुमारे निम्म्यावर आणली. काटकसर आणि निष्ठा यांचा हा झगडा येथून पुढे कायम राहिला.

उच्चविभेदी चित्राच्या आगमनाने तो तीव्र झाला. जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेने १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर या विषयाचे संशोधन हाती घेतले आणि पुढे १,१२५ रेषांची प्रणाली सिद्ध केली. या प्रणालीसाठी सोनीने १९८०-९० च्या दशकाच्या अखेरीस तयार केलेले अंकीय यंत्र एक इंच रुंदीच्या उघड्या रिळावर सेकंदास ११८ कोटी ८० लक्ष बिट नोंदवीत असे. डी-१ च्या राशीहून ही साडेपाच पट अधिक होती. येथे काहीही वगळले जात नव्हते. परंतु असे यंत्र खांद्यावर घेऊन घटनास्थळी जाणे शक्य नव्हते.

ते १९९७ च्या एचडीकॅमने शक्य केले. अर्ध्या इंचाच्या कॅसेटमध्ये उच्चविभेदी चित्र सामावले गेले, पण त्याची किंमत मोजावी लागली. प्रत्येक रेषेवरील १,९२० प्रकाशनमुन्यांऐवजी १,४४० ठेवण्यात आले; प्रत्येक रंगभेदाचे नमुने ९६० वरून ४८० झाले; आणि उरलेल्या राशीचे संपीडन करून ती सेकंदास सुमारे १४ कोटी बिटांवर आणली गेली. मानवी डोळा रंगातील सूक्ष्म तपशिलास कमी संवेदनशील असल्याने घरच्या पडद्यावर हा त्याग जाणवत नसे. चित्र वेगळ्या पार्श्वभूमीवर बसविताना वा फार मोठे करून पाहताना मात्र तो उघड होई. २००३ साली आलेल्या एचडीकॅम एसआरने पुन्हा पूर्ण १,९२० नमुने आणि दहा बिटांची खोली स्वीकारली. पूर्वीच्या पद्धतीत काय उणे होते, याची ही एक प्रकारे कबुलीच होती. त्याच वर्षी जाहीर झालेली एचडीव्ही पद्धती नेमकी उलट दिशेने गेली. लहानशा कॅसेटवर सेकंदास जास्तीत जास्त अडीच कोटी बिटांत चित्र बसविण्यासाठी तिने मोजक्याच चौकटी स्वतंत्रपणे नोंदविल्या आणि मधल्या चौकटी केवळ फरकाच्या रूपाने ठेवल्या. त्यामुळे फितीवरील एका लहान दोषाने अर्ध्या सेकंदापर्यंतचे चित्र बिघडू शकते.

११ मार्च २०११ रोजी भूकंप व त्सुनामी यांनी जपानच्या मियागी प्रांतातील सोनीच्या फीतनिर्मिती कारखान्याची हानी केली. एचडीकॅम एसआर फितींचा तुटवडा निर्माण झाला आणि स्मृतिपत्रिका व संचिका यांकडे आधीच वळू लागलेला व्यवसाय त्या मार्गाने वेगाने गेला. २०१६ साली सोनीने अर्ध्या इंची मुद्रणयंत्रांची विक्री थांबविली. चित्रपटाची पट्टी प्रकाशासमोर धरली तरी तिच्यावरील आकृती दिसते. अंकीय फीत तिच्या विशिष्ट यंत्रावाचून पूर्णतः मुकी असते. म्हणूनच २०१९ मध्ये युनेस्कोने ध्वनि-दृश्य संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेसह चुंबकीय फितींच्या भवितव्याविषयी इशारा दिला आणि २०२५ च्या सुमारास त्यांचे नियमित वाचन दुष्कर होईल, असे निदर्शनास आणले.

फितींचे संचिकांत रूपांतर करणे हा यावरील उपाय होय. परंतु त्यातही एक धोका संभवतो. एचडीकॅमचे यंत्र फीत वाचताना वगळलेले नमुने अनुमानाने भरून काढते आणि १,९२० नमुन्यांचे चित्र बाहेर देते. त्या चित्राची संचिका केली की ती पूर्ण तपशिलाची असल्याचा भास होतो. मूळ फीत व यंत्र नष्ट झाल्यावर कोणता तपशील कॅमेऱ्याने टिपला आणि कोणता यंत्राने कल्पिला, हे सांगणारे काही उरत नाही. हस्तलिखिताच्या नकलेवर मूळ पोथीचा निर्देश असावा, त्याप्रमाणे प्रत्येक संचिकेच्या सूचिपत्रात मूळ फितीची मुद्रणपद्धती, यंत्र आणि रूपांतराची रीत यांची नोंद असणे आवश्यक आहे. अशी नोंद असेल, तरच त्या चित्राकडे पुरावा म्हणून पाहणाऱ्यास त्याची मर्यादाही कळेल.