कोरडे सूप

मेक्सिको शहरात दुपारी दोनच्या सुमारास एखाद्या 'फोंडा'त जाऊन बसलात, तर फळ्यावर त्या दिवसाचे जेवण क्रमाने लिहिलेले दिसते. (फोंडा म्हणजे तिथली घरगुती खाणावळ, गोमंतकीय वाचकाला वेगळेच गाव आठवेल, पण त्याचा इथे संबंध नाही.) आधी 'सोपा आग्वादा', म्हणजे पातळ सूप. मग 'सोपा सेका', म्हणजे कोरडे सूप. त्यानंतर रश्शातले मांस किंवा भाजी, सोबत घेवडा आणि मक्याच्या गरम तोर्तिया. यातले कोरडे सूप म्हणजे बहुतेक वेळा टोमॅटोत शिजवलेला तांबूस, मोकळा भात असतो. 'आरोस रोहो' म्हणा, 'आरोस आ ला मेहिकाना' म्हणा, पदार्थ तोच.

कोरडे सूप हे नाव पहिल्यांदा ऐकताना हसू येते, पण ते शब्दशः खरे आहे. सुपासाठी घ्यावा तसा टोमॅटो-कांदा-लसणीचा रस आणि कोंबडी उकडलेले पाणी पातेल्यात घालतात. तांदूळ ते सगळे पिऊन टाकतो आणि सूप म्हणून काही उरत नाही. 'फिदेओ'चे, म्हणजे शेवयांचेही तसेच: आधी तेलात खरपूस परतायच्या, मग टोमॅटोच्या रसात आटवायच्या. उत्तर मेक्सिकोत आणि सीमेपलीकडच्या मेक्सिकन घरांत कित्येक आज्या या भाताला नुसते 'सोपा' म्हणतात. भात ही त्यांच्या जेवणात कालवण ओतून घेण्याची जागा नाही. तो आधी वाढला जाणारा स्वतंत्र प्रकार आहे. पोट भरण्याचे काम मक्याकडे असते, हजारो वर्षांपासून आहे.

मग हा पाहुणा त्या ताटात आला कुठून? याचे उत्तर भात करण्याच्या रीतीतच दडलेले आहे, म्हणून ती रीत जरा सावकाश सांगते.

तांदूळ गरम पाण्यात पंधरा-वीस मिनिटे भिजवतात, पाणी नितळ येईपर्यंत धुतात आणि चाळणीत निथळत ठेवतात. इथे घाई चालत नाही. ओला दाणा तेलात तळला जात नाही, चिकटतो. तेल आपल्या फोडणीहून बरेच जास्त. पूर्वी डुकराची चरबी असे. दाणे आधी खडूसारखे पांढरे होतात, मग कडेने सोनेरी. किती वेळ, हे कुणी घड्याळावर सांगत नाही. उलथन्याखाली दाणे काचमण्यांसारखे खुळखुळू लागले की झाले. जास्तीचे तेल काढून टाकतात आणि टोमॅटो, पांढरा कांदा व लसूण यांचे कच्चे वाटण एकदम ओततात. चर्र आवाज होतो, रस आटतो, दाण्याला रंग चढतो. त्यावर तांदळाच्या साधारण दुप्पट कढत पाणी, बेताचे मीठ, गाजराचे बारीक तुकडे, मटार, कोथिंबिरीची किंवा पार्सलीची एक काडी. वर एक अख्खी हिरवी मिरची, न चिरलेली. तिचा वास हवा असतो, तिखटपणा नको असतो. एकदा ढवळायचे, त्यानंतर चमचा घालायचा नाही. पाणी आटून भातावर भोके पडली की आच अगदी मंद करून झाकण, आणि शेवटी दहा मिनिटे दमाला.

घरोघरी भेद आहेतच. टेक्सासकडची मंडळी जिरे घालतात, मध्य मेक्सिकोतल्या सुगरणी त्यावर नाक मुरडतात. हल्ली कोंबडी उकडण्याऐवजी बहुतेक जणी तिच्या अर्काची पूड घालतात. पण तांदूळ आधी तळायचा आणि मग पाणी घालायचे, हा क्रम कुणी मोडत नाही. भात मोकळा उतरला की मुलीला 'आता तुझं लग्न करायला हरकत नाही' अशी थट्टा ऐकावी लागते. एखादी गोष्ट पक्की झाली, आता बदलायची नाही, हे सांगायला तिथे 'हा भात शिजला' म्हणतात. सगळे छान असताना मध्येच निघालेल्या खोटीला 'भातातला काळा दाणा' म्हणतात. आपल्या दुधातल्या मिठाच्या खड्याचा हा भाऊ. बाहेरून आलेले धान्य म्हणींत शिरले, म्हणजे ते घरचे झाले असे मानायला हरकत नसावी.

1519 मध्ये एर्नान कोर्तेस मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला आणि 13 ऑगस्ट 1521 ला अस्तेकांची राजधानी तेनोच्तित्लान पडली. त्याआधी त्या भूमीत आशियाई तांदळाचा दाणाही नव्हता. टोमॅटो होता, मिरची होती. फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक बेर्नार्दिनो दे साआगुन याने सोळाव्या शतकात नाहुआ लोकांकडून ऐकून जो प्रचंड ग्रंथ सिद्ध केला, त्यात बाजारातल्या टोमॅटोवाल्याचे वर्णन आहे, त्याच्याकडच्या टोमॅटोंच्या जाती दिल्या आहेत. नाहुआ भाषेतला 'शितोमात्ल' आजही मेक्सिको शहराच्या मंडईत 'हितोमाते' या नावाने विकला जातो. पण त्या स्वयंपाकघरात डुक्कर नव्हते, म्हणून चरबी नव्हती, आणि तळणे जवळजवळ नव्हतेच. भाजणे, उकडणे, वाफवणे, पाट्यावर वाटणे यांवर सगळे चाले. तेव्हा आपल्या पातेल्यातला रस मेक्सिकोचा, पण चरबी, लसूण, गाजर, मटार आणि मुख्य म्हणजे कोरडा दाणा तळण्याची सवय ही सगळी जहाजातून आली.

ती स्पेनमधून आली, आणि स्पेनमध्ये अरबांकडून. 711 नंतर मुसलमानी राजवटीत आयबेरियाच्या दक्षिणेला आणि पूर्वेला कालव्यांच्या पाण्यावर भातशेती रुजली. व्हॅलेन्सियाभोवतीची खाचरे त्याच परंपरेतली. स्पॅनिश 'आरोस' हा शब्द अरबी 'अर-रुझ्झ'वरून घेतला आहे. अरबी शब्दाचे मूळ ग्रीक 'ओरिझा'त शोधतात, आणि त्याही मागे जाणारे काही भाषाशास्त्रज्ञ आपल्या 'व्रीही'पर्यंत येऊन पोचतात. या शेवटच्या टप्प्यावर एकमत नाही, म्हणून त्यावर फार फुशारकी नको. दाणा आधी स्निग्धात परतून मग मोजक्या पाण्यात शिजवायचा, ही पिलाफची जात आहे. इराण-तुर्कस्तानचा पिलाव, आपला पुलाव आणि मेक्सिकोचा तांबडा भात यांची कुळी अनेक अभ्यासक एकच मानतात. त्यांच्याशी असहमत होण्याचे कारण मला दिसत नाही. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत मांसाच्या सुपात शिजवलेला 'अरोझ रेफोगाद' करतात, तोही याच गोतावळ्यातला. 'रेफोगार' म्हणजे पोर्तुगीज भाषेत कांदा तेलात परतणे. पोर्तुगीजांनी ती रीत पूर्वेकडे आणली, स्पॅनिशांनी पश्चिमेकडे नेली, आणि मेक्सिकोचा टोमॅटो व मिरची दोन्हीकडे पोचली.

पण मेक्सिकोला दुसराही किनारा आहे. 1565 मध्ये आन्द्रेस दे उर्दानेता याने फिलिपिन्सहून अमेरिकेकडे परतण्याची सागरी वाट शोधली आणि तेव्हापासून 1815 पर्यंत, म्हणजे अडीचशे वर्षे, मनिला आणि आकापुल्को यांच्यात गलबते ये-जा करीत होती. जाताना मेक्सिकोची चांदी, येताना रेशीम, चिनी मातीची भांडी, मसाले. माणसेही येत: खलाशी, कारागीर, गुलाम. त्यांत हिंदुस्थानातली माणसेही होती. मुघल मुलखात जन्मलेली म्हणून सांगितली जाणारी मिर्रा ही मुलगी पोर्तुगीज चाच्यांच्या हाती लागली, कोचीन आणि मनिलामार्गे 1621 च्या सुमारास मेक्सिकोत विकली गेली, आणि पुएब्ला शहरात 'कातारिना दे सान हुआन' या नावाने साध्वी म्हणून पूजली जाऊन 1688 मध्ये वारली. तिच्या चरित्रकारांना तिच्या दृष्टान्तांत रस होता. तिच्या चुलीची चौकशी कुणी केली नाही.

या पश्चिम किनाऱ्याची एक खूण मात्र शिल्लक आहे, आणि मला ती सगळ्यात मोलाची वाटते. मिचोआकान प्रांताच्या उष्ण सखल भागात भाताचा एक प्रकार करतात, त्याचे नाव 'मोरिस्केता'. यात तांदूळ तळत नाहीत. पांढरा भात नुसत्या पाण्यात शिजवतात आणि त्यावर घेवडा आणि टोमॅटोच्या रश्शातले मांस घालतात, अगदी आपण आमटी घालतो तसे. आता गंमत पाहा. 'मोरिस्केता' हा शब्द फिलिपिन्समधल्या स्पॅनिशांनी तिथल्या लोकांच्या बिनमिठाच्या, पाण्यात शिजवलेल्या भाताला वापरलेला आहे. शब्द मनिलाचा आणि करण्याची रीतही मनिलाची. एकाच देशात पूर्वेकडून आलेला भात तळून शिजतो आणि पश्चिमेकडून आलेला भात आधणात शिजतो. कोणते बियाणे कोणत्या जहाजातून उतरले, हे आज पिकावरून सांगणे अवघड आहे. पातेल्यावरून मात्र पुष्कळ कळते.

तिसऱ्या वाटेबद्दल जपून बोलायला हवे. व्हेराक्रुस बंदरातून आणि त्या परिसरातल्या उसाच्या मळ्यांवर हजारो आफ्रिकी गुलाम आले. ज्युडिथ कार्नी यांनी 2001 मधल्या आपल्या ग्रंथात उत्तर अमेरिकेतल्या कॅरोलायना प्रांताची भातशेती पश्चिम आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, ज्ञानावर उभी होती असे मांडले. त्यावर वाद झाले, पण भाताच्या इतिहासात गुलामांचे हात दिसू लागले ते त्यानंतर. तो निष्कर्ष उचलून जसाच्या तसा व्हेराक्रुसवर ठेवता येणार नाही. मात्र तिथल्या भाताचा इतिहास फक्त स्पॅनिश मालकांच्या नावे लिहिणे हेही बरोबर नाही.

1821 मध्ये मेक्सिको स्वतंत्र झाला आणि दहाच वर्षांत, 1831 साली, 'एल कोसिनेरो मेहिकानो' हा पाकग्रंथ छापून निघाला. राष्ट्राचे स्वतःचे जेवण कोणते, हा प्रश्न तेव्हापासून कागदावर आला. शहरातल्या वरिष्ठ वर्गाची ओढ फ्रेंच पद्धतीकडे होती आणि मका त्यांना गरिबांचा, 'इंडियनां'चा वाटे. याचा कळस 1899 मध्ये झाला. फ्रान्सिस्को बुल्नेस या राजकारणी लेखकाने मानवजातीचे तीन वर्ग पाडले: गहू खाणारे, मका खाणारे आणि तांदूळ खाणारे. त्यांतले गहू खाणारेच तेवढे प्रगतिशील, बाकी दोघे कायमचे मागासलेले, असा त्याचा निर्वाळा. कोकणातला माणूस यावर काय म्हणाला असता ते सोडा. मेक्सिकोतल्या ज्या घरात एकाच जेवणात मक्याची तोर्तिया, गव्हाच्या शेवया आणि भात असे तिन्ही होते, त्या घरातल्या बाईने स्वतःला कोणत्या वर्गात घालायचे? बुल्नेसचे पुस्तक विद्वानांत वाचले गेले. तिने दुसऱ्या दिवशी तांदूळ भिजत घातले असणार.

दुसरी गोम नावाची. अमेरिकेत हाच भात दीर्घकाळ 'स्पॅनिश राइस' या नावाने ओळखला गेला, डब्यांवर आणि पाकपुस्तकांत तसाच छापला गेला. स्पेनमध्ये जाऊन हा पदार्थ मागितलात तर तिथल्या माणसाला काही कळणार नाही. केरी मॅकविल्यम्स यांनी 1949 मधल्या आपल्या पुस्तकात नैर्ऋत्य अमेरिकेतल्या या खोडीला 'कल्पित वारसा' म्हटले आहे. तिथल्या गोऱ्या समाजाला जुन्या इमारती, सण, पदार्थ सगळे आवडत होते. पण ते शेजारच्या मेक्सिकन मजुरांचे आहेत असे म्हणण्यापेक्षा ते स्पॅनिश आहेत असे म्हणणे सोयीचे होते. तांबडा भात त्या सोयीत सापडला. टोमॅटो, मिरची आणि रांधणारी बाई तिन्ही मेक्सिकन, आणि नाव मात्र माद्रिदचे.

आणि दाणा? तो आता बहुतांशी मेक्सिकोचा उरलेला नाही. मेक्सिको शहराच्या दक्षिणेला मोरेलोस नावाचे लहानसे राज्य आहे. तिथे होहुत्ला परिसरात एकोणिसाव्या शतकापासून भात पिकतो. रोपे वाफ्यात वाढवून चिखलात हाताने लावतात. आपल्याकडची लावणी पाहिलेल्याला तिथे काही नवे दिसणार नाही. हा दाणा जाड, पोटाशी पांढरा ठिपका असलेला, आणि इतर तांदळाहून पाणी जास्त पिणारा. म्हणजे 'कोरड्या सुपा'साठी जणू मुद्दाम घडवलेला. 2012 मध्ये मोरेलोसच्या तांदळाला भौगोलिक नाममानांकन मिळाले. पण तोवर पाणी बरेच वाहून गेले होते. 1985 मध्ये देशात आठ लाख टनांच्या आसपास साळ पिकली होती. त्या दशकाच्या अखेरीस आयात खुली झाली, 1994 पासून उत्तर अमेरिकेचा मुक्त व्यापार करार लागू झाला, अमेरिकेचा स्वस्त तांदूळ आला आणि गिरण्या एकेक करून बंद पडल्या. अलीकडे उत्पादन तीन लाख टनांच्या आत राहते आणि देशात खपणाऱ्या तांदळापैकी तीन-चतुर्थांशाहून जास्त बाहेरून येतो. 2010 मध्ये युनेस्कोने मेक्सिकोच्या पारंपरिक पाककलेचा गौरव केला, तेव्हाही आकडे साधारण हेच होते.

मी हा भात तीनदा करून पाहिला. बासमतीने दोनदा दगा दिला. तळताना लांब दाण्याचे तुकडे झाले आणि रस पिण्याआधीच तो फुलून बसला. तिसऱ्यांदा कोलम घेतला, पंख्याखाली अर्धा तास सुकवला आणि कान देऊन उभी राहिले. खुळखुळ ऐकू आली. वाटण ओतले, पाणी घातले, मिरची अख्खी ठेवली. शेवटी मात्र राहवले नाही आणि मी मध्येच झाकण उघडून चमचा फिरवला. भात चवीला चांगला होता, पण गोळा झाला होता.