हायस्कूलचे अनामिक शिल्पकार

कोणत्याही संस्थेचा सुवर्णमहोत्सव हा जसा आनंदसोहळा असतो, तसाच तो मागील जमाखर्च तपासण्याचा प्रसंगही असतो. देणगीदारांची नावे संगमरवरी फलकावर कोरलेली असतात. मुख्याध्यापकांची नामावली कार्यालयात टांगलेली असते. गुणवंत विद्यार्थ्यांची छायाचित्रे स्मरणिकेत झळकतात. परंतु ज्यांनी वर्षानुवर्षे सकाळी शाळेचे कुलूप उघडले, तासातासाला घंटा दिली, फीची पावती फाडली आणि सायंकाळी पुन्हा कुलूप लावले, त्यांची नावे कोणत्याही फलकावर सापडत नाहीत. माध्यमिक शिक्षणाच्या इतिहासातील हे कोरे पान आज तरी उघडून पाहणे आवश्यक आहे.

दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना १८९९ साली झाली. समाजातील मुले शिकावीत म्हणून त्या काळी प्रथम वसतिगृहे निघाली. खेड्यातील मुलाला शहरातील हायस्कुलात पाठवावयाचे, तर त्याच्या निवासाची व दोन वेळच्या शुद्ध आहाराची सोय आधी हवी, हे जाणत्या मंडळींनी ओळखले होते. पुढे मुनिश्री समंतभद्र महाराजांच्या प्रेरणेने १९१८ मध्ये कारंजा येथे व १९३४ मध्ये बाहुबली येथे गुरुकुले उभी राहिली. वसतिगृह वा गुरुकुल म्हटले की अधीक्षक आला, कोठी सांभाळणारा आला, स्वयंपाकी आला, हिशेबनीस आला. म्हणजेच आपल्या समाजाच्या शैक्षणिक कार्याचा आरंभ वर्गातील फळ्याइतकाच कोठीघर आणि कीर्द-खतावणी यांच्यापासून झाला आहे.

याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. कुंभोज येथे १८८७ साली जैन कुटुंबात जन्मलेल्या भाऊरावांनी कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिक्षण घेतले. किर्लोस्करांच्या नांगरांच्या विक्रीनिमित्त ते गावोगाव हिंडले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह सुरू झाले. तेथे सर्व जातींची मुले एका पंक्तीस जेवत. त्या मुलांचे जेवणखाण आणि आजारपण सौ. लक्ष्मीबाई पाहत असत. धान्य संपले तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने दिले आणि शेवटी मंगळसूत्रही मोडले. १९३० साली त्यांचे निधन झाले. पुढे दहा वर्षांनी, १९४० मध्ये, साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल हे मोफत व निवासी विद्यालय उभे राहिले. लक्ष्मीबाईंनी कधी वर्गात शिकविले नाही, त्यांना पद नव्हते की वेतन नव्हते. तरीही त्या हायस्कूलचा पाया कोणी घातला, असे विचारल्यास त्यांचे नाव वगळता येणार नाही. रयत संस्थेत शिक्षक, लिपिक व शिपाई या सर्वांना 'रयत सेवक' हे एकच नाव आहे. त्यामागे हीच जाणीव दिसते.

स्वयंपाकघराचे जे महत्त्व, तेच कार्यालयाचे. व्यापाऱ्याच्या पेढीत खतावणीचे जे स्थान, तेच शाळेत जनरल रजिस्टरचे. विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, धर्म व जात यांची नोंद लिपिक त्यात करतो. हे रजिस्टर कायम जपावयाचे असते. शाळा सोडल्याचा दाखला त्यावरूनच निघतो. मुलगा शाळा सोडून गेल्यावर त्या नोंदीत फेरफार करणे सोपे नसते. नोकरी, पारपत्र, निवृत्तीची तारीख अशा कितीतरी गोष्टी त्या एका ओळीवर अवलंबून असतात. जानेवारी २०१४ मध्ये जैन समाजास राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला, तेव्हा अनेक कुटुंबांनी जुने दाखले शोधून काढले. धर्माच्या रकान्यात 'जैन' हे दोन अक्षरी नाव नीट लिहिले गेले आहे किंवा नाही, याचे महत्त्व त्या वेळी घरोघरी कळले. पन्नास-साठ वर्षांपूर्वी टाक दौतीत बुडवून स्वच्छ अक्षरात नोंद करणाऱ्या त्या कारकुनाचे नाव मात्र कोणास आठवत नाही.

शालान्त परीक्षेचे कामही असेच आहे. राज्य माध्यमिक शिक्षण मंडळाचे कार्य १९६६ मध्ये सुरू झाले. अकरावीची जुनी पद्धत जाऊन नव्या अभ्यासक्रमाची दहावीची पहिली परीक्षा १९७५ मध्ये झाली. प्रत्येक विद्यार्थ्याचा अर्ज तपासणे, परीक्षा शुल्काचा भरणा करणे, बैठक क्रमांकाची प्रवेशपत्रे वेळेवर वाटणे ही कामे कार्यालयानेच केली. तेथे एक अक्षर चुकले तर मुलाच्या प्रमाणपत्रावर जन्मभर चूक राहते.

या सेवकांची स्वतःची स्थिती मात्र दीर्घकाळ डळमळीत होती. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा १९७७ साली झाला व १९८१ मध्ये त्याची नियमावली आली. शिक्षकांबरोबर शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनाही तेव्हा कायद्याचे संरक्षण लाभले. सेवापुस्तक, रजा आणि अन्यायाविरुद्ध न्यायाधिकरणाकडे दाद मागण्याचा हक्क त्यांना मिळाला.

शिपायाच्या कामाची मोजदाद तर कोणत्याच नियमावलीत पूर्ण होणार नाही. सूचनावही वर्गावर्गातून फिरविणे, पिण्याच्या पाण्याची टाकी धुणे, पावसाळ्यात गळत्या कौलाखालून कपाटे हलविणे ही कामे दिसतात तरी. परंतु फी थकल्यामुळे दाराशी घुटमळणाऱ्या मुलाला मुख्याध्यापकांपर्यंत नेणे आणि चक्कर आलेल्या मुलीला घरी पोहोचविणे यांची नोंद कोठेच होत नाही.

काळ बदलला आहे. वेतनाची देयके 'शालार्थ' प्रणालीवर व विद्यार्थ्यांची माहिती 'सरल'वर भरली जाते. लिपिकाचे काम त्यामुळे हलके झाले, असे मात्र नाही. रजिस्टर आहेच, त्यात संगणकाची भर पडली. दुसरीकडे, डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयानुसार अनुदानित शाळांतील शिपायाचे पद निवृत्तीनंतर पूर्वीप्रमाणे न भरता त्याऐवजी ठोक भत्ता देण्याचे धोरण आले. तिजोरीचा विचार समजण्यासारखा आहे. तथापि, भत्त्यावर आज आलेला माणूस उद्या येईलच, याची शाश्वती कोणी द्यावी? मुलांना नावानिशी ओळखणारा, त्यांच्या वडिलांनाही त्याच शाळेत पाहिलेला सेवक अशा व्यवस्थेत घडणे कठीण आहे. हे नुकसान कोणत्याही ताळेबंदात दिसणार नाही. म्हणून ही उणीव भरून काढण्याचा भार शेवटी संस्थाचालकांवर आणि समाजावरच येतो.

जैन धर्मात वैयावृत्त्याला आभ्यंतर तपात स्थान आहे आणि गुप्तदानाची थोरवी आपण नेहमी गातो. ज्याने आयुष्यातील तीस-पस्तीस वर्षे शाळेच्या घंटेला बांधून घेतली, त्याचे दानही गुप्तच नव्हे काय? समाजाच्या प्रत्येक हायस्कूलने जुनी हजेरीपत्रके व वेतनपत्रके काढून अशा सेवकांची नामावली तयार करावी, ती देणगीदारांच्या फलकाशेजारी लावावी आणि हयात असलेल्यांचा सत्कार करावा. त्याला खर्च थोडाच येईल, पण समाजावरील एक जुने ऋण त्यामुळे काही अंशी फिटेल.

या सर्व ज्ञात-अज्ञात सेवकांना सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी विनम्र अभिवादन. जय जिनेंद्र!