कालवांचा हिशेब

स्मरणिका समितीने मला सोसायटीचा इतिहास लिहायला सांगितला होता. पण प्लॉट कसे पडले, विहिरीला पाणी कसं लागलं, हे इतर सभासदांनी या अंकात लिहिलंच आहे. मी बँकेचा माणूस, जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले. आज माझ्याच एका चुकलेल्या हिशेबाची गोष्ट सांगतो. ती आहे समुद्रकाठची, कालवांची.

कालव म्हटलं की आपल्याकडे पाटबंधाऱ्याचा कालवा आठवतो. हे कालव वेगळं. हा खाडीतला शिंपल्यात राहणारा जीव. मोती देणाऱ्या शिंपल्याचा हा दूरचा नातेवाईक, पण याला लोक खातात.

१९८४ साली माझी बदली रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या शाखेत झाली. अल्लीपूरच्या माणसाने समुद्र पाहिलेला तो सिनेमातच. संध्याकाळी बँक बंद झाली की मी धक्क्यावर जाऊन बसत असे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी मोठी असते. पाणी खूप मागे जाई, खडक उघडे पडत आणि गावातल्या बाया टोपल्या घेऊन उतरत. खडक पांढरट, खडबडीत, पाय ठेवला तर कापला जाईल असा. जवळ जाऊन बघितलं तर तो खडक नव्हताच. कालवांवर कालवं चिकटून झालेला थरावर थर होता. टोकदार लोखंडी हत्याराने बाया वरचं झाकण उडवायच्या आणि आतलं मांस काढून घ्यायच्या. खालचं कवच तसंच ठेवायच्या.

मी एका वयस्कर मावशीला विचारलं, "अख्खं का नाही काढत? घरी बसून निवांत फोडता येईल."

ती म्हणाली, "नाय ओ साहेब. खालचा ऱ्हवला तर त्येच्यावर पुढला धरता. सगळाच खरवडून न्हेला तर पोरा काय खातील?"

मी हसलो आणि विसरून गेलो.

पुढच्याच वर्षी माझ्या टेबलावर एक कर्जप्रकरण आलं. शिंपल्यांची चुनाभट्टी. कोकणात शिंपले भाजून चुना करायची रीत जुनी. कागदपत्रं चोख, जामीनदार भक्कम, कच्चा माल 'खाडीत मुबलक व फुकट' असा शेरा. तो शेरा मीच लिहिला. कर्ज मंजूर झालं आणि एकही हप्ता न थकता फिटलं. वरिष्ठांनी पाठ थोपटली.

त्या 'फुकट' शब्दाचा अर्थ मला निवृत्तीनंतर, वाचायला वेळ मिळाल्यावर कळला.

कालवाचं पिल्लू जन्मल्यावर दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगत फिरतं. मग त्याला बूड टेकायला कठीण जागा लागते आणि त्याची सगळ्यात आवडती जागा म्हणजे आधीच्या कालवाचं कवच. तिथे ते एकदा चिकटलं की जन्मभर हलत नाही. अशा पिढ्यांवर पिढ्या बसून पाण्याखाली भिंत तयार होते. तिच्या फटींत खेकडे, कोळंबी, माशांची पिल्लं आसरा घेतात. लाटेचा जोर तिथे मोडतो, काठाची माती कमी वाहते. शिवाय कालव खातं ते पाणी गाळून. बारीक शेवाळ पोटात घेतं आणि नको असलेला गाळ चिकट गोळी करून तळाला टाकतं. अमेरिकेतल्या जातीचं एक मोठं कालव चांगल्या दिवसांत दिवसाला दीड-दोनशे लिटर पाणी गाळू शकतं, असं तिथले शास्त्रज्ञ सांगतात. आपल्या घरातला फिल्टर वीज खातो, वर दरवर्षी सर्व्हिसिंग मागतो!

ही समज जगाला आली ती नुकसान झाल्यावर. जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावरची कालवं का कमी होतात, हे तपासायला सरकारने कील विद्यापीठाच्या कार्ल मोबियस या प्राध्यापकाला नेमलं. १८७७ साली त्याने पुस्तक लिहिलं. त्यात त्याने मांडलं की कालवांचा थर म्हणजे एकमेकांवर अवलंबून असलेल्या अनेक जीवांची एक वसाहत आहे, एकाला ओरबाडलं की सगळ्यांचा तोल जातो. त्याने या वसाहतीला 'बायोसिनोसिस' असं नाव दिलं. पर्यावरणशास्त्राच्या पायातला हा एक दगड मानतात. मला मात्र ते वाचताना आपली सोसायटीच डोळ्यासमोर आली.

अमेरिकेतल्या चेसापीक उपसागराची गोष्ट तर बँकेच्या ट्रेनिंगमध्ये शिकवावी अशी आहे. रेल्वे आली, डबाबंद कालवांचे कारखाने निघाले आणि बोटी लोखंडी दाताळ्यांनी तळ खरवडू लागल्या. भांडणं एवढी वाढली की मेरीलँड राज्याला १८६८ साली कालवांसाठी वेगळं पोलीसदल उभारावं लागलं. १८८० च्या दशकात उत्पादन शिखरावर गेलं आणि मग उतरत गेलं. पुढे रोगही आले. १९८८ साली तिथल्या एका शास्त्रज्ञाने अंदाज मांडला की जुन्या काळची कालवं तो अख्खा उपसागर आठवड्याच्या आत गाळून काढत असतील, उरलेल्यांना त्यालाच जवळजवळ वर्ष लागेल. २०११ च्या एका जागतिक पाहणीत जगातले सुमारे ८५ टक्के कालवांचे थर नष्ट झाल्याचा निष्कर्ष निघाला.

आपल्याकडेही अभ्यास जुना आहे. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधले प्रा. आवटी यांनी राय या सहकाऱ्यासोबत १९३१ साली मुंबईच्या कालवावर अख्खा ग्रंथ लिहिला. म्हणजे मी 'मुबलक व फुकट' असं लिहिलं, त्याच्या पन्नासेक वर्षं आधी आपलीच माणसं या जीवाकडे गांभीर्याने बघत होती. मी विचारलंच नाही कोणाला.

बदली झाल्यावर बऱ्याच वर्षांनी मी सहकुटुंब गणपतीपुळ्याला गेलो, तेव्हा वाट वाकडी करून त्या गावात गेलो. भट्टी बंद पडली होती, कारण जवळपास शिंपलेच उरले नव्हते. ओहोटीला खडक उघडा पडला, तो काळा आणि गुळगुळीत. टोपली घेतलेली बाई एकही दिसली नाही. सगळा दोष त्या एका भट्टीचा, असं मी म्हणणार नाही. खाडीत गाळ भरला होता, वरून घाणही येत होती. पण कवच गेलं तिथे नवीन धरणार कशावर? मावशीला व्याज आणि मुद्दल यातला फरक कळत होता. मांस हे व्याज, कवच ही मुद्दल. मी पदवीधर, बँकेचा अधिकारी, मुद्दलच उचलायला कर्ज दिलं.

बुडीत खातं थोडंफार वसूलही होतं, हेही सांगतो. न्यूयॉर्कमध्ये २०१४ पासून एक संस्था हॉटेलांतली खाल्लेल्या कालवांची कवचं गोळा करते, वर्षभर उघड्यावर ठेवून शुद्ध करते, त्यावर पिल्लं धरवते आणि बंदरात परत टाकते. आपल्या राज्यानेही २०१७ पासून कांदळवन राखणाऱ्या गावांसाठी उपजीविकेची योजना आणली. तिच्यात कालवपालनही आहे. रिकामी कवचं दोरीत ओवून खाडीत टांगतात, त्यावर नवीन कालवं वाढतात आणि बचतगटाच्या बाया ती काढतात. मावशीचंच तत्त्व, दोरीला बांधलेलं.

आता तुम्ही म्हणाल, काका, अल्लीपूरला याचं काय? आपल्या यशोदेचं पाणी वर्धेत जातं, वर्धा चपराळ्याजवळ वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, ती सिरोंच्यापाशी गोदावरीला भेटते, आणि गोदावरी आंध्रात समुद्राला. तिच्या मुखाजवळच्या काकीनाड्याच्या उपसागरात कालवं आहेत, शिंपले आहेत. आपण नाल्यात सोडलेलं त्यांच्या दारापर्यंतच्या वाटेला लागतं. आणि एवढं लांब तरी कशाला जायचं? लहानपणी आम्ही यशोदेच्या वाळूतून शिंपले वेचायचो, आई त्याने कैरीची साल काढायची. नदीचा शिंपलाही पाणी गाळूनच जगतो. मागच्या उन्हाळ्यात नातीला घेऊन गेलो, तासभर शोधलं. दोन सापडले, तेही रिकामे. नात म्हणाली, "आबा, यांच्यातले कुठे गेले?" मला उत्तर देता आलं नाही.

म्हणून रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने माझी एक सूचना आहे. आपलं सांडपाणी पंचवीस वर्षं मागच्या नाल्यात जातंय. येत्या सर्वसाधारण सभेत प्रत्येक घरामागे शोषखड्ड्याचा ठराव मांडतो आहे. माझ्या घराचा खड्डा दिवाळीआधी खणून घेतो, बघायला या. सोसायटी उभी करणाऱ्यांपैकी बरेच जण आज नाहीत, आपण त्यांनी ठेवलेल्या कवचावरच बसलो आहोत. पुढच्यांना बसायला जागा राहील एवढं बघू या.

आणि हो, ठरावावर 'खर्चिक' असा शेरा मारण्याआधी माझा १९८५ चा शेरा आठवा.