कुंभारजुव्याचें पाणी



इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें डोंगरी किल्ले उभे राहतात. आमच्या कड्यासारख्या, आष्टी तालुक्यांतील अवर्षणग्रस्त गांवीं आयुष्य गेलेल्या माणसाला तर पाण्यालाही इतिहास असतो, ही गोष्ट लवकर उमगत नाहीं. म्हणून आज मी आपणांस गोमंतकांतील एका जलमार्गाची व त्याच्या कांठच्या कुंभारजुवे या गांवाची हकीकत सांगणार आहें.

मांडवी व जुवारी या गोमंतकाच्या दोन मोठ्या नद्या. त्यांच्यामध्यें तिसवाडीचा मुलूख आहे, आणि त्याच्या पूर्वेकडून सुमारें १७ किलोमीटर लांबीचा एक फांटा या दोन नद्यांना जोडतो. त्यास कुंभारजुव्याचा कालवा म्हणतात. परंतु तो कोणी खणलेला नाहीं. भरती-ओहोटीचें पाणी खेळणारी ती नैसर्गिक खाडीच आहे. ‘जुवे’ म्हणजे बेट. कुंभारजुवे हा गांव असाच पाण्यानें वेढलेला.

या मार्गाचें महत्त्व पावसाळ्यांत कळतें. त्या दिवसांत आग्वादजवळ मांडवीच्या मुखाशीं वाळूचा दांडा साचतो आणि तें मुख नौकांना बंद होतें. तेव्हां मांडवींतील नौका या कालव्यानें जुवारींत उतरून मुरगांव बंदरास पोंचतात. विसाव्या शतकांत लोहखनिजानें भरलेले बार्ज पावसाळ्यांत याच वाटेनें जात. २०१६ च्या कायद्यानें हा राष्ट्रीय जलमार्ग ठरला आहे.

गेल्या हिंवाळ्यांत मुलानातवंडांसह विश्रांतीसाठीं गोव्यास गेलों असतां आम्हीं होडींतून या कालव्याची सफर केली. दोन्ही तीरांवर खारफुटीची दाट झाडी, आणि चिखलावर ऊन खात पडलेल्या मगरी. होडींतील साऱ्यांचे डोळे मगरींवर खिळले होते. पलीकडे दिसणाऱ्या घरांचा गांव कोणता, हें कोणीं विचारलें नाहीं. मला मात्र त्या घरांकडे पाहतांना वाटलें कीं, एवढ्याशा रुंदीच्या पाण्यानें शतकानुशतकें दोन राज्यें वेगळीं ठेवलीं, ही केवढी गोष्ट!

१५१० सालीं आल्बुकेर्कनें तिसवाडी जिंकली. पूर्वतीरावरील अंत्रुज महाल, म्हणजे आजचें फोंडें, आदिलशाहीकडेच राहिला. कालव्यावरील बाणस्तारीचा किल्ला आदिलशाही सरदार रसूलखान याच्यापासून १५१२ सालीं पोर्तुगिजांनीं घेतला, आणि तेव्हांपासून हें पाणी राजधानीचा खंदक बनलें. पुढें १५४० च्या सुमारास तिसवाडींतील देवळें पाडण्यांत आलीं. १५६० सालीं धर्मन्यायालय बसलें. तेव्हां लोकांनीं आपले देव उचलले आणि पाणी ओलांडून अंत्रुजांत नेले. कालव्यापलीकडच्या माशेल गांवीं आज चोडण बेटावरून मये गांवमार्गें आलेला देवकीकृष्ण आहे. तेथेंच शांतादुर्गा आहे, आणि तिला आजही ‘कुंभारजुवेकरीण’ म्हणतात. गांव सुटला, पण गांवाचें नांव देवीनें सोडलें नाहीं. गणेशोत्सवाच्या सातव्या दिवशीं कुंभारजुव्यास होड्यांची सांगड बांधून तींतून गणपतीची मिरवणूक निघते. तिला सांगोड म्हणतात. देवीच्या स्थलांतराची ती आठवण असल्याचें लोक सांगतात.

खंदक कितीही खोल असला तरी ओहोटी कोणाच्या हुकुमांत नसते. १६८३ सालीं व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर यानें फोंड्याच्या किल्ल्यास वेढा घातला. संभाजी महाराजांनीं तो उठविला. मग २४ नोव्हेंबरच्या रात्रीं, ओहोटीची वेळ साधून, मराठ्यांनीं कुंभारजुव्याजवळच्या जुवे बेटावरील किल्ला घेतला. शत्रु राजधानीच्या दाराशीं आला. दुसऱ्या दिवशीं व्हाइसरॉय स्वतः फौज घेऊन बेटावर उतरला. मार खाऊन व जखमी होऊन परतला. शहरांत अशी घबराट उडाली कीं, त्यानें आपला राजदंड सेंट झेवियरच्या शवपेटीपाशीं ठेवून त्याची करुणा भाकली. पुढें औरंगजेबाचा पुत्र शाहआलम ससैन्य घाट उतरून आल्यामुळें महाराजांस माघारें फिरावें लागलें. गोवें वांचलें, तें पाण्यामुळें नव्हे, मोंगलांमुळें.

अंत्रुज महाल पोर्तुगिजांकडे आला तो १७६३ च्या सुमारास. तोंवर धर्मच्छळाचा पहिला जोर ओसरला होता व नव्या मुलखांतील प्रजेस धर्माचें अभय देण्यांत आलें. म्हणूनच पाण्यापलीकडे नेलेले ते देव आजही तेथें नांदत आहेत.

मराठवाड्यांतील श्रोत्यांना सीमेचा अर्थ निराळा सांगावयास नको. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आष्टी तालुका निजामाच्या राज्यांत होता, तर शेजारचा नगर जिल्हा प्रथम इंग्रजांच्या व मग स्वतंत्र हिंदुस्थानच्या. आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टींत, रात्रीं ती सीमा ओलांडून पलीकडे आसऱ्यास गेलेले लोक आहेत. गोमंतकाची सीमा १९ डिसेंबर १९६१ रोजीं पुसली गेली. ती पाण्याची होती, आमची मातीची. ओलांडणाऱ्यांच्या काळजांतील धडधड सारखीच.

राज्यकर्ते सीमेच्या या बाजूस किल्ले बांधतात. प्रजा जीव, देव व नांव घेऊन त्या बाजूस जाते. किल्ल्यांची नोंद दप्तरांत राहते, प्रजेची मात्र देवीच्या एखाद्या नांवांत किंवा वर्षांतून एकदां निघणाऱ्या होड्यांच्या मिरवणुकींत. सुटींत आपण कुंभारजुव्याच्या पाण्यावर गेलांत तर मगरी जरूर पाहा. पण नावाड्यास तेवढें कांठच्या गांवांचें नांवही विचारा.