किंग क्रिमझन : मूळ संच कोणता?

जानेवारी १९६९ मध्ये लंडनला सराव सुरू झाला. ५ जुलैला हाइड पार्कमध्ये रोलिंग स्टोन्सच्या आधी वादन, ऑक्टोबरमध्ये पहिला अल्बम आणि डिसेंबरमध्ये, अमेरिकेच्या दौऱ्यातच, इयान मॅकडोनाल्ड व मायकेल जाइल्स यांचा निरोप. अवघे एक वर्ष! गिटारवादक रॉबर्ट फ्रिपने त्यांच्याऐवजी स्वतः बाहेर पडण्याची तयारी दाखवली; पण हा बँड आमच्यापेक्षा तुझाच अधिक, असे त्या दोघांचे मत पडले. गायक ग्रेग लेकही १९७० मध्ये गेला.

चाहत्यांचा जुना वाद इथेच उगम पावतो. एका पक्षाला मॅकडोनाल्डची बासरी आणि मेलोट्रॉन हेच खरे क्रिमझन वाटते. (या वाद्याची प्रत्येक पट्टी ध्वनिमुद्रित फितीचा तुकडा ओढते; सूर जेमतेम आठ सेकंद टिकतो.) दुसरा पक्ष १९७३-७४ च्या संचाचा : 'येस' सोडून आलेला ड्रमवादक बिल ब्रुफर्ड, जॉन वेटनचा धारदार बास, डेव्हिड क्रॉसचे व्हायोलिन आणि रंगमंचावरच घडत जाणारे उत्स्फूर्त वादन.

मात्र सीमारेषा दिसते तितकी ठळक नाही. मेलोट्रॉन दुसऱ्या संचातही वाजतच होता. शिवाय १९७४ च्या 'रेड'मध्ये सॅक्सोफोन घेऊन पाहुणा म्हणून आला तो मॅकडोनाल्डच. त्याच्या पुनरागमनाची बोलणीही झाली होती. तोवर, अल्बम बाजारात येण्याआधीच, फ्रिपने बँड विसर्जित केला.