पायाला न कळलेला खडा

मधुमेह्याने पायांना जपावे, असे आज कोणताही डॉक्टर सांगतो. पण का जपावे, याचे बरेचसे उत्तर मधुमेहाच्या नव्हे, तर कुष्ठरोगाच्या अभ्यासातून मिळाले आहे, आणि तेही आपल्याच देशात.

१९२२ साली इन्शुलिन उपचारात आले. मधुमेही अधिक वर्षे जगू लागले, तशा त्यांच्या पायांच्या न भरणाऱ्या जखमाही अधिक दिसू लागल्या. बॉस्टनचे डॉ. इलियट जॉस्लिन यांनी १९३४ साली अशा गँगरीनच्या धोक्यावर लेख लिहिला. पायांच्या स्वच्छतेवर त्यांचा भर होता. तरी सर्वसाधारण समज असा, की या रोगात मांसच नासके होते. पाय कापणे आज ना उद्या आलेच.

कुष्ठरोगाबद्दलही हाच समज होता. १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आलेले शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांनी तो तपासून पाहिला. बोटे आपोआप ‘झडतात’ म्हणजे काय होते? माग काढता दिसले, की कोणी तापलेले भांडे तसेच उचललेले असे, कोणी जखमेनिशी काम करीत राहिलेला असे. काहींची बोटे तर रात्रीतून नाहीशी होत. पहारा ठेवला तेव्हा उंदीर बोट कुरतडताना सापडला. रोगी गाढ झोपेत! मग रुग्णांना मांजरे पाळायला दिली. मांस चांगलेच होते, हरवली होती ती वेदना.

पायाचे गणित याहून सूक्ष्म आहे. खिळा रुतला तर निदान रक्त तरी दिसते. पण रोजचे चालणे? तळव्याच्या एकाच जागी हजारो वेळा पडणारा बेताचा दाबही तिथे दाह निर्माण करतो. आपण नकळत लंगडतो, वजन दुसरीकडे टाकतो. बधिर पाय मात्र त्याच जागेवर पडत राहतो. म्हणून जखमेसह पाय प्लास्टरमध्ये नीट बसवला, की वजन साऱ्या तळव्यावर विभागले जाते आणि ‘न भरणारी’ जखम भरते. मऊ रबराच्या चपलांमागेही हेच तत्त्व. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे शिकवताना याहून चांगले उदाहरण मला तरी माहीत नाही.

१९६६ साली ब्रँड अमेरिकेत लुइझियानातील कारव्हिल येथील कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तेथे या उपायांचा मधुमेह्यांनाही उपयोग होऊ लागला. मधुमेहातही चेतातंतू बधिर होतात. रक्तवाहिन्या अरुंद होण्याचा धोका मात्र त्यात वेगळा असतो. तिथे नुसते प्लास्टर पुरत नाही, उलट अपायही करू शकते.

रोज तळवे पाहणे (वाकता येत नसेल तर आरशात), चप्पल झटकून घालणे, अनवाणी न फिरणे, कुरूप ब्लेडने न कापणे, पाणी किती गरम आहे ते पायाने न अजमावणे : डोळ्यांनी आणि हातांनी वेदनेचे काम करण्याच्या या युक्त्या आहेत.

बधिरता ओळखायची कशी? कारव्हिलमधूनच १९८६ साली एक सोपे माप पुढे आले. नायलॉनचा ठराविक जाडीचा व लांबीचा धागा टोकाने टेकवून दाबला, की ठराविक बलालाच वाकतो. आणखी रेटले तरी दाब फारसा वाढत नाही. १० ग्रॅम वजनाइतक्या बलाला वाकणारा असा धागा तळव्याला टेकवतात. रुग्णाने डोळे मिटून, स्पर्श जाणवला की ‘हो’ म्हणायचे. जो गप्प राहतो, त्याच्या चपलांची चौकशी आधी करायची.