ओझं लपवणारा पाटा

गोव्यात केरी तीन. एक पेडण्यातली, तेरेखोल नदीच्या मुखावरची, फेरीबोटीची. दुसरी फोंड्यात. तिसरी आमची, सत्तरीतली, चोर्ला घाटाच्या पायथ्याची. तालुका सत्तरी असला तरी आमचा बाजार साखळीचा, म्हणजे डिचोली तालुक्यातला. घाट चढणारं आणि उतरणारं ओझं या केरीवरून जातं, आणि त्या ओझ्यावरच माझं घर चालतं. मी गाड्यांच्या पाट्यांचं, म्हणजे लीफ स्प्रिंगचं काम करतो. बसलेले पाटे उतरवायचे, तुटलेला बदलायचा, कमान द्यायची, यू-बोल्ट आवळून गाडी परत रस्त्यावर सोडायची. हल्ली पिकअपवाले येतात आणि एकच मागणी करतात: "मेस्ता, आनीक एक पाटो घाल." ही मागणी आजची नाही. तिच्या पोटात या भागाचा दीडेकशे वर्षांचा इतिहास आहे.

मोटार येण्याआधी घाट चढायचा तो बैलांनी, तोही गाडीला जुंपून नव्हे, पाठीवर गोणी घेऊन. लमाणांचे तांडे वरून धान्य आणि मिरची आणायचे, खालून मीठ आणि नारळ न्यायचे. मिठाला तेव्हा मोल होतं. 1878 साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला, त्यात गोव्याच्या मिठाचा ताबा इंग्रजांकडे गेला आणि आगरांचं कंबरडं मोडलं. 1888 पर्यंत मुरगावहून निघालेली रेल्वे कॅसलरॉकला पोचली. माल रुळावरून जाऊ लागला आणि घाटवाटांचं महत्त्व ओसरलं. त्या बैलांचा एक गुण मला माझ्या धंद्यामुळे फार मोठा वाटतो. बैल ओझं लपवत नाही. गोणी झेपेनाशी झाली की तो बसतो. मग मालकाला गोणी उतरवावीच लागते.

पाटा हा मूळचा श्रीमंतांच्या सोयीचा. लंडनच्या ओबादिया इलियट नावाच्या गाडीकाराने 1804 साली घोडागाडीला कमानीचे पाटे बसवण्याचं पेटंट घेतलं, ते आत बसणाऱ्याच्या कमरेसाठी. आमच्याकडे त्या काळात भाटकार, म्हणजे जमीनदार, माचिल्यात बसून फिरत, आणि हादरे सोसायचे ते भोयांच्या खांद्यांनी. पुढे हाच पाटा मालट्रकखाली गेला आणि माणसाऐवजी टन उचलू लागला.

डिचोली-सत्तरीत ट्रक आणला तो खाणीने. लोहखनिजाची निर्यात 1947 च्या सुमारास सुरू झाली. सुरुवातीला माती डोक्यावरच्या टोपल्यांतून हलत होती, त्या टोपल्या वाहणाऱ्यांत बायकाही होत्या. जपानच्या पोलाद कारखान्यांची मागणी वाढली तसं काम यंत्रांकडे गेलं. खाणीवरून ट्रक, नदीकाठच्या धक्क्यावर ढीग, तिथून बार्जने मांडवीतून मुरगाव बंदर, असा रस्ता ठरला. आमोणे, सारमानस ही धक्क्यांची नावं आमच्या मुलांना शाळेच्या नकाशाआधी पाठ व्हायची. माझे बाबा लोहारकाम करायचे, कोयते आणि पारया घडवायचे. ट्रक वाढले तसे तेही पाट्यांकडे वळले. भट्टी होती, घण होता, तापलेल्या लोखंडाचा रंग ओळखणारी नजर होती. आणखी काय हवं होतं?

ट्रकच्या मागच्या आसावर पाट्यांची चवड असते. सगळ्यात लांब तो मेन पाटा, त्याच्या दोन्ही टोकांना बुश बसायची घरं. त्याखाली एकापेक्षा एक आखूड पाटे. मधोमध सेंटर बोल्ट, दोन्ही बाजूंना यू-बोल्ट. या चवडीच्या वर वेगळी छोटी चवड असते, तिला आम्ही हेल्पर म्हणतो. रिकाम्या गाडीत हेल्पर कशालाच टेकत नाही. भार आला, मागची बाजू खाली आली, की त्याची टोकं चेसीवरच्या गुटक्यांना टेकतात आणि तो कामाला लागतो. ही रचना शहाणपणाची आहे. रिकाम्या गाडीला मऊपणा राहतो आणि भरलेल्या गाडीला आधार मिळतो.

खाणीचं भाडं टनावर आणि ट्रिपवर. दिवस तेवढाच, रस्ता तोच, मग कमाई वाढवायची तर एक ट्रिप जास्त मारायची किंवा हौद्यात चार फावडी जास्त घ्यायची. गाडी मागून बसली की मालक आमच्याकडे यायचा. कुणी एक पाटा वाढवायचा, कुणी जाड पाटा टाकून घ्यायचा. जाडीचा हिशेब विलक्षण आहे: 8 मिलिमीटरच्या जागी 10 मिलिमीटरचा पाटा टाकला तर त्या एका पाट्याचा ताठपणा जवळजवळ दुप्पट होतो. गाडी उभी राहायची ती नव्यासारखी, सरळ. मालक खूश व्हायचा. पण त्याच गाडीचं आसाचं घर, चाकाचं बेअरिंग, टायर आणि ब्रेकचा ड्रम होते तिथेच होते. त्यांना कुणी काही वाढवून दिलं नव्हतं.

माझ्या धंद्याचं म्हणणं एवढंच आहे. पाट्याने गाडीची ताकद वाढत नाही, तिचा कल जातो. बसलेली गाडी मालकाला सांगत असते की ओझं जास्त झालं. पाटा टाकला की ती सांगायची थांबते.

2000 नंतर चीनची मागणी आली आणि गोव्याची निर्यात वर्षाला 5 कोटी टनांच्या आसपास गेली. साखळी, डिचोली, उसगाव या रस्त्यांवर ट्रकांची रांग, झाडांवर तांबडी धूळ. कर्ज काढून ट्रक घेणारा घराघरात होता. मग बेकायदा खाणकामावरचा न्या. शहा आयोगाचा अहवाल आला. 10 सप्टेंबर 2012 ला राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि 5 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदीची मोहोर उठवली. 2014 साली वर्षाला 2 कोटी टनांच्या मर्यादेसह परवानगी मिळाली, 2018 साली लीज नूतनीकरणं रद्द झाली आणि पुन्हा सगळं ठप्प. ट्रक अंगणात उभे राहिले, टायरांना भेगा पडल्या, बरेच भंगारात गेले. भंगारातले पाटे लोहारांनी उचलले, कारण पाट्याच्या पोलादाला धार चांगली राहते. सत्तरीत आज काजूच्या बागा साफ करणाऱ्या कित्येक कोयत्यांनी कधीकाळी खनिज वाहिलेलं आहे.

खाण गेली, पण घाट राहिला. बेळगावची भाजी गोव्याला लागते आणि तिचा मोठा वाटा कणकुंबीवरून, चोर्ल्यावरून, आमच्या केरीच्या चेकपोस्टवरून खाली येतो. अवजड वाहनांवर या घाटात वेळोवेळी बंदी येते, त्यामुळे भाजीचा भार पिकअपवर. दीड टनाच्या गाडीत कोबीची आणि टोमॅटोची क्रेट रचत गेलं की हौदा भरल्यावरही थांबायचं कुणाला सुचत नाही. घाट सुमारे 800 मीटर उंचीवरून उतरतो, वळणांमागून वळणं.

इथे पाटा नुसत्या मालकालाच नव्हे, गाडीलाही फसवतो. अनेक पिकअपच्या मागच्या आसाजवळ एक छोटा व्हॉल्व्ह असतो, त्याचा दांडा चेसी आणि आस यांच्यामध्ये जोडलेला. गाडी मागून बसली की दांडा हलतो, व्हॉल्व्हला कळतं की भार आहे, आणि तो मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. रिकाम्या गाडीत दाब कमी, म्हणजे मागची चाकं लॉक होत नाहीत. आता पाटा वाढवून गाडी भरलेली असतानाही उंच ठेवली की व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे. दोन टन टोमॅटो घेऊन उताराला लागलेली गाडी मागचा ब्रेक कमी लावते आणि सगळा ताण पुढच्या डिस्कवर येतो. पाटा टाकल्यावर त्या दांड्याची जुळणी पुन्हा करावी लागते. ती करा म्हणून सांगितलं तर बहुतेकांना पटत नाही, कारण गाडी दिसायला झकास उभी असते.

ओढायच्या ओझ्याचा हिशेब आणखी वेगळा. स्लॅब घालायचा असला की ठेकेदार काँक्रीटचा मिक्सर पिकअपच्या मागे जोडून गावात आणतो. मिक्सर स्वतःच्या चाकांवर येतो म्हणून त्याचं ओझं गाडीवर नाही, असं समजतात. पण त्याच्या दांड्याचा भार हुकावर पडतो आणि हूक मागच्या आसाच्याही मागे असतो. समजा हुकावर 100 किलो पडले, हूक आसापासून सव्वा मीटरच्या आत-बाहेर आणि दोन आसांत तीन मीटर अंतर. मागच्या आसावर येतात सुमारे 140 किलो आणि पुढच्या आसावरून 40 उचलले जातात. स्टिअरिंग हलकं लागतं, रात्री हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर पडतात. इथे हेल्पर टाकला तर मागची बाजू वर येते, पण पुढच्या चाकांवरून गेलेलं वजन परत येत नाही. हल्ली पाट्यासोबत रबराचे फुगे बसवतात, हवा भरून उंची कमी-जास्त करायची. 2001 साली व्होल्वो बस आल्या तेव्हा हवेवर चालणारी गाडी इथल्या लोकांनी कौतुकाने पाहिली, आता तीच युक्ती पिकअपखाली आली. फुगा पाट्यापेक्षा सोयीचा, रिकाम्या गाडीत हवा काढता येते. नियम मात्र त्यालाही तोच लागू: कल जातो, ताकद वाढत नाही.

कायद्याने ही गोष्ट केव्हाच ओळखली आहे. आरसी बुकातलं वजन कंपनीने ठरवलेलं असतं, मेस्त्रीने नव्हे. जादा भाराला मोटार वाहन कायद्याचं 194 कलम 2019 च्या दुरुस्तीपासून 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000 रुपये दंड सांगतं. 2018 साली केंद्राने दोन आसांच्या ट्रकची मर्यादा 16.2 टनांवरून 18.5 टनांवर नेली. चेकपोस्टवरचा काटा मात्र पाटे किती आहेत हे बघत नाही.

2024 मध्ये डिचोलीत खाण पुन्हा सुरू झाली आणि ट्रकवाल्यांच्या चौकशा पुन्हा येऊ लागल्या आहेत. मी काम नाकारत नाही. थकलेला पाटा बदलणं, बसलेल्या चवडीला कमान देणं, कंपनीच्या मापाचा हेल्पर बसवणं हे गाडीचं हक्काचं काम आहे. पण जादा पाटा मागणाऱ्याला मी दोन कागद मागतो: आरसी बुक आणि भरलेल्या गाडीची काट्यावरची पावती. आकडा बुकातल्या वजनाच्या आत असेल तर पाटा टाकून ब्रेकचा दांडा जुळवून देतो. आकडा वर असेल तर त्याला सांगतो की तुला पाटा नको, दुसरी ट्रिप हवी.